फळी किती वाकते? : वॉटर स्कीच्या ताठरतेचे मोजमाप

वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पाहा : काचेची कांडी आणि तेवढ्याच जाडीची वेताची छडी, यांत ताठ कोणती आणि मजबूत कोणती? बरीचशी मुले दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतात. 'ताठ' आणि 'मजबूत' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सहज वापरतो. पण काचेची कांडी वाकायला तयार नसते आणि जरा जास्त बल लावले की मोडते. वेताची छडी सहज वाकते, पण मोडता मोडत नाही. एखादी वस्तू किती बलाला किती वाकते हे सांगणारा गुण म्हणजे ताठरता. ती किती बलाला मोडते हे सांगणारा गुण म्हणजे मजबुती. हे दोन्ही गुण वेगवेगळे आहेत आणि ते मोजायच्या पद्धतीही वेगळ्या आहेत.

हा फरक नीट समजावून घेण्यासाठी आपल्याकडे फारसा परिचित नसलेल्या एका खेळाचे उदाहरण घेऊ. ते घ्यायचे कारण असे, की या खेळातल्या साधनाची ताठरता खरोखरच आकड्यांत मोजली जाते आणि त्या आकड्यांवरून साधनाची निवड होते. आकडा हाती आला म्हणजे सगळे कळले असे वाटते. तो कसा मिळवला हे विचारले नाही, तर तोच आकडा कसा फसवतो हेही या उदाहरणात छान दिसते.

खेळ आणि त्याची फळी

मोटरबोटीला बांधलेला दोर हातात धरून, पायाला फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जाणे म्हणजे वॉटर स्कीइंग. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटी या गावी, पेपिन सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन या १८ वर्षांच्या तरुणाने २ जुलै १९२२ रोजी हे प्रथम साधले. त्याने पाइनच्या सुमारे ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद फळ्या घेतल्या आणि त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली. फळीला बाक देण्याची गरज अशी अगदी पहिल्याच दिवसांपासून होती.

स्लॅलम हा या खेळाचा एक प्रकार आहे. यात एकच स्की वापरतात आणि दोन्ही पाय तिच्यावर एकामागे एक ठेवतात. बोट २५९ मीटर लांबीच्या मार्गाच्या मधोमध सरळ जाते. मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, अशा सहा बोया तरंगत असतात. खेळाडूने प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा असतो. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर असतो. या वेगाने सारा मार्ग १६ सेकंदांत संपतो.

लागोपाठच्या दोन बोयांमधले अंतर मार्गाच्या दिशेने ४१ मीटर असते. ते कापायला बोटीला सुमारे अडीच सेकंद लागतात. तेवढ्याच वेळात खेळाडूला आडव्या दिशेने २३ मीटरही जायचे असते. पायथागोरसच्या प्रमेयाने तिरपे अंतर ४७ मीटर येते, म्हणजे खेळाडूचा सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरपेक्षा जास्तच असायला हवा. शिवाय प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आखूड करतात. स्पर्धेतला दोर १८.२५ मीटरपासून सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने ११.२५ मीटर आणि त्याहूनही कमी होतो. ११.२५ मीटरचा दोर बोयापर्यंतच्या अंतरापेक्षाच कमी आहे! अशा वेळी खेळाडूला हात आणि शरीर ताणून बोयाच्या बाहेर स्की न्यावी लागते, आणि लगेच वळावे लागते. वळण जितके लहान वर्तुळात जमेल तितके चांगले.

वाकल्याने काय होते?

स्लॅलम स्की सपाट नसते. बाजूने पाहिले तर तिचा तळ होडीच्या तळासारखा किंचित कमानदार असतो. स्की कडेवर कलंडली की हीच कमान पाण्यात वळणाचा मार्ग आखून देते. वळताना खेळाडूचे पाय फळीला मधे खाली दाबतात, पाणी तिला पुढे-मागे वर ढकलते आणि कमान आणखी खोल होते. कमान खोल म्हणजे वर्तुळ लहान.

किती लहान, याचा अंदाज शालेय भूमितीने करता येतो. वर्तुळाच्या जीवेची लांबी आणि जीवेच्या मध्यावर कमानीची खोली माहीत असेल, तर जीवेच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागले की जवळजवळ त्रिज्या मिळते. समजा पाण्याशी संबंध येणारी लांबी १.५ मीटर आहे आणि भार नसताना कमान ३ सेंटीमीटर खोल आहे. मग त्रिज्या ९.४ मीटर येते. वळताना फळी आणखी २ सेंटीमीटर वाकली, तर कमान ५ सेंटीमीटर होते आणि त्रिज्या ५.६ मीटरवर उतरते. आता फळीची ताठरता १० टक्क्यांनी कमी केली, तर ती २.२ सेंटीमीटर वाकेल आणि त्रिज्या ५.४ मीटर होईल. म्हणजे ताठरतेतल्या १० टक्के फरकाने वळणाच्या त्रिज्येत सुमारे २० सेंटीमीटरचा फरक पडतो. हा हिशेब ढोबळ आहे. फळी किती कलंडली आहे, खेळाडू तोल कुठे ठेवतो, मागच्या टोकाखालचे पर किती खोल आहे, यांचाही वळणावर परिणाम होतो. पण परिणामाचा आकार यातून कळतो.

मग मऊ फळीच चांगली म्हणायची का? नाही. फळी फार वाकली की ती पाणी जास्त नांगरते आणि वेग गमावते. बोटीमागच्या लाटा ओलांडून सरळ, जोरात जायचे असते तेव्हा ताठ फळी उपयोगी पडते. मऊ फळी वळायला सोपी, ताठ फळी धावायला वेगवान, असा हा व्यवहार आहे. खेळाडूच्या वजनाचाही यात भाग आहे. ६० किलोच्या माणसाला जी फळी बरोबर वाटते, तीच ९० किलोच्या माणसाखाली दीडपट वाकेल.

ताठरता कशी मोजतात?

मोजण्याची कल्पना सोपी आहे. फळी दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध बल लावायचे आणि फळी किती झुकली ते पाहायचे. बलाला झुकावाने भागले की ताठरता मिळाली. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगबाबत जो नियम मांडला, तोच येथेही लागू पडतो : झुकाव लहान असेल तोवर तो बलाच्या समप्रमाणात असतो.

पण हे दोन तऱ्हांनी करता येते. एक तर झुकाव ठरवून घ्यायचा, समजा ५ मिलिमीटर, आणि तेवढा आणायला किती बल लागले ते नोंदवायचे. किंवा वजन ठरवून घ्यायचे आणि झुकाव किती आला ते नोंदवायचे. पहिल्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे ताठ फळी. दुसऱ्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे मऊ फळी! 'या फळीचा आकडा ८० आहे' एवढ्यावरून ती ताठ की मऊ, हेसुद्धा सांगता येत नाही. एकक पौंड आहे, न्यूटन आहे की मिलिमीटर आहे, हा प्रश्न म्हणूनच सर्वात आधी विचारायचा.

दुसरा प्रश्न टेकूंमधल्या अंतराचा.

दोन घन

तुळई मोडते कशी, याचा विचार गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला होता. ती वाकते किती, याचे गणित अठराव्या शतकात बर्नुली आणि ऑयलर यांनी बसवले. ताठरता आणि मजबुती हे वेगळे प्रश्न आहेत याची साक्ष इतिहासातही अशी मिळते.

या गणिताचे सार असे. दोन टेकूंवर ठेवलेल्या सारख्या जाडीच्या भरीव पट्टीची ताठरता पदार्थाच्या यंग गुणांकाच्या आणि पट्टीच्या रुंदीच्या समप्रमाणात असते, जाडीच्या घनाच्या समप्रमाणात असते आणि टेकूंमधल्या अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी दुप्पट केली तर ताठरता आठपट. अंतर दुप्पट केले तर ताठरता एक-अष्टमांश.

घनाचा एक परिणाम विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा असा आहे. अंतर मोजताना १ टक्का चूक झाली, तर ताठरतेत सुमारे ३ टक्के चूक होते. टेकूंमधले अंतर ५० सेंटीमीटर ठेवायचे असताना ते ५ मिलिमीटरने चुकले, की आकडा ३ टक्क्यांनी बदलला. दोन फळ्यांतला खरा फरकच ५-१० टक्के असेल, तर मोजणाऱ्याच्या हलगर्जीपणात त्यातला बराचसा हरवून जाईल. म्हणूनच अशा मोजमापासाठी टेकू एका चौकटीवर कायमचे पक्के केलेले असावे लागतात.

दोन पातळ थर आणि मधला फोम

आजची चांगली स्की भरीव लाकडाची नसते. वर आणि खाली कार्बन तंतूंचा किंवा काचतंतूंचा रेझिनमध्ये बसवलेला पातळ थर आणि मधे हलका फोम, अशी तिची रचना असते. हे का केले ते पाहू.

पट्टी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधला थर ना ताणला जातो ना दाबला. त्याला उदासीन थर म्हणतात. वाकण्याला विरोध मुख्यतः बाहेरच्या थरांकडून होतो. मधल्या भागाचे वजन आपण उगाच वागवतो. मग महाग आणि ताठ पदार्थ बाहेर ठेवावा आणि मधे हलका पदार्थ भरावा, हे ओघानेच आले.

एक काल्पनिक फळी घेऊ. रुंदी १६ सेंटीमीटर, जाडी २ सेंटीमीटर, सर्वत्र सारखी. (खऱ्या स्कीची रुंदी आणि जाडी जागोजागी बदलते.) ती भरीव पाइनची असेल, तर यंग गुणांक सुमारे १० गिगापास्कल धरू. तिचे वजन दर मीटरला सुमारे १.६ किलो भरेल. आता त्याच मापाची, पण वर-खाली १-१ मिलिमीटर कार्बन तंतूंचा थर आणि मधे फोम असलेली फळी घ्या. थराचा गुणांक १०० गिगापास्कल धरला, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध पाइनच्या अडीचपटीहून जास्त येतो आणि वजन निम्मे, म्हणजे दर मीटरला सुमारे ८०० ग्रॅम.

मात्र या सोयीची किंमत असते. जुनी जाड वही वाकवून तिच्या कडेकडे पाहा. पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतात. वाकताना आतले थर असे सरकू पाहतात, याला कर्तन म्हणतात. भरीव लाकडाच्या लांब पट्टीत कर्तनाने होणारा झुकाव नगण्य असतो. पण फोम मऊ असल्याने येथे तो नगण्य राहत नाही. आपल्या काल्पनिक फळीत फोमचा कर्तन गुणांक ३० मेगापास्कल धरून आणि १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोचा भार मधोमध लावून केलेला हिशेब असा :

टेकूंमध्ये ५० सेंटीमीटर अंतर : बाहेरच्या थरांमुळे झुकाव ०.०९ मिलिमीटर, फोमच्या कर्तनामुळे ०.१४ मिलिमीटर.

टेकूंमध्ये १५० सेंटीमीटर अंतर : बाहेरच्या थरांमुळे झुकाव २.४ मिलिमीटर, फोमच्या कर्तनामुळे ०.४ मिलिमीटर.

म्हणजे टेकू जवळ असताना आपण मुख्यतः फोम मोजतो आणि टेकू लांब असताना मुख्यतः बाहेरचे थर! कारण थरांमुळे येणारा झुकाव अंतराच्या घनाने वाढतो, तर कर्तनाचा झुकाव केवळ अंतराच्या पटीत वाढतो. अंतर तिप्पट केल्यावर झुकाव २७ पट व्हायला हवा होता. येथे तो सुमारे साडेबारा पट झाला. म्हणून एका अंतरावर मोजलेला आकडा घनाच्या सूत्रात घालून दुसऱ्या अंतरावरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. खऱ्या फळीच्या कडांवरही तंतूंचे कापड गुंडाळलेले असेल, तर ते कर्तनाला विरोध करते आणि हे प्रमाण पुन्हा बदलते.

शिवाय ०.०९ मिलिमीटर हे अंतर कागदाच्या जाडीएवढे आहे. टेकूवर रबर लावले असेल, बल लावणारे टोक फोममध्ये किंचित रुतत असेल, तर तेही या आकड्यात मिसळते. लहान झुकाव मोजताना आपण फळी मोजतो आहोत की टेकू, हा प्रश्न सतत जागा ठेवावा लागतो.

एक आकडा पुरत नाही

स्की पुढे, मधे आणि मागे सारखी ताठ नसते. म्हणून टेकूंची जोडी फळीच्या लांबीवर पुढून मागे सरकवत ठिकठिकाणी मोजमाप करतात आणि आकड्यांची एक माळ तयार करतात. समजा दोन फळ्यांचे पुढून मागे पाच आकडे असे आहेत :

पहिली फळी : ६०, ८०, १००, ८०, ६०

दुसरी फळी : ८०, ८०, १००, ६०, ६०

दोन्हींची बेरीज ३८०, सरासरी ७६. पण पहिली फळी पुढे-मागे समतोल आहे, तर दुसरी पुढे ताठ आणि मागे मऊ आहे. वळताना दुसरीचा मागचा भाग जास्त वाकेल आणि पाण्यातली तिची कमान मागे खोल होईल. दोघींची चाल वेगळी असेल. सरासरी काय लपवते हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

यात पीळ आलेलाच नाही. स्की कडेवर असताना पाण्याचा दाब एका बाजूला जास्त असतो आणि फळी पिळली जाते. तंतू फक्त लांबीच्या दिशेने बसवले तर फळी वाकायला ताठ, पण पिळायला मऊ होऊ शकते. तिरपे तंतू घातले की पिळाला विरोध वाढतो. दोन टेकूंवरच्या मोजमापात हे काहीच दिसत नाही, ते वेगळे मोजावे लागते.

मग या आकड्यांचा भरवशाचा उपयोग कोणता? तीच फळी, त्याच चौकटीवर, त्याच तापमानाला, काही काळाने पुन्हा मोजणे. तापमान महत्त्वाचे, कारण रेझिन आणि फोम उन्हात तापले की मऊ होतात. फळी लाखो वेळा वाकून फोममध्ये किंवा फोम आणि थर यांच्या सांध्यात बारीक भेगा पडू लागल्या, तर बाहेरून काही दिसत नसले तरी आकडा घसरतो. त्यातही टेकू जवळ ठेवून केलेल्या मोजमापात ही घसरण अधिक ठळक दिसेल, कारण तेथे फोमचा वाटा मोठा आहे. वापरलेली फळी विकत घेणाऱ्याला हे कळणे मोलाचे आहे.

वर्गात करून पाहा

१. प्लास्टिकची ३० सेंटीमीटरची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर २० सेंटीमीटर काढा. टेबलावरच्या भागावर जड पुस्तके ठेवा. टोकाला दोऱ्याने कागदी पेला टांगा आणि टोकाची उंची नोंदवा. पेल्यात ५० मिलिलिटर पाणी घालून उंची पुन्हा नोंदवा. दोहोंतला फरक म्हणजे झुकाव. आता पट्टी १० सेंटीमीटरच बाहेर ठेवून तेच करा. झुकाव सुमारे एक-अष्टमांश येतो का? प्लास्टिक भाराखाली हळूहळू जास्त झुकत जाते, म्हणून दर वेळी पाणी घातल्यावर ठरावीक वेळाने, समजा १० सेकंदांनी वाचन घ्या.

२. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवून मोजा. ताठरता दुप्पट येईल. मग त्याच पट्ट्या पूर्ण लांबीभर पक्क्या चिकटवून मोजा. जाडी दुप्पट झाली, थरांचे सरकणे थांबले, म्हणून ताठरता आठपटीच्या जवळ जायला हवी. कमी आली तर गोंदाच्या थरात सरकणे शिल्लक आहे असे समजा.

३. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि १ सेंटीमीटर जाडीची थर्माकोलची पट्टी घ्या. दोन पुस्तकांवर टेकवून मधे वजन ठेवा. आधी तिन्ही पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवून, मग फेविकॉलने चिकटवून आणि वाळवून मोजा. (काही रबरी गोंदांनी थर्माकोल विरघळतो.) पुस्तकांमधले अंतर बदलून घनाचा नियम पाळला जातो का ते पाहा. पाळला जाणार नाही. का, हे विद्यार्थ्यांना सांगू द्या.

प्रत्येक गटाला आपला आकडा फळ्यावर लिहायला सांगा, पण सोबत एकक, टेकूंमधले अंतर आणि मोजण्याची पद्धत लिहिल्याशिवाय तो आकडा स्वीकारू नका. मग दोन गटांना पट्ट्यांची अदलाबदल करून मोजायला सांगा. आकडे जुळले तर उत्तम. जुळले नाहीत, तर फरक पट्टीत आहे की मोजण्यात, हे शोधून काढण्यात उरलेला तास सत्कारणी लागेल.